अप्पांचे दोन मिस्ड कॉल

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात दर दोन-चार दिवसांनी एक बातमी असतेच, "निवृत्त शिक्षकाला ऑनलाईन गंडा" नाहीतर "उच्चशिक्षित वृद्धा आमिषाला बळी", आणि इतकी वर्षं मी ती चहा पिता पिता वाचून पान उलटायचे, मनात म्हणायचे की अरे एवढं साधं कसं कळत नाही यांना. मागच्या दिवाळीनंतर तीच गोष्ट आमच्या घरात घडली. पेपरात आली नाही कारण घरातल्या घरातच चार दिवस कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पेपरवाल्यांना कोण सांगणार. म्हणून आता मी लिहितेय. पत्र लांबलंय, जमेल तेवढं छापा, फक्त १९३० बद्दल लिहिलंय तो भाग कापू नका ही कळकळीची विनंती.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत गणित शिकवायचे, आता वय ७३. दुधाचे खाडे कॅलेंडरवर, लाईटबिलं वर्षवार फायलीत, भाजीवाल्याला वीस रुपये स्कॅन करून दिले तरी रात्री वहीत नोंद. म्हणजे पैशाच्या बाबतीत आमच्या घरातला सगळ्यात जागरूक माणूस कोण तर अप्पा, मी नाही आणि माझा दादा तर नाहीच. हे आधी सांगतेय कारण पुढचं वाचून कुणी असं समजू नये की म्हाताऱ्या माणसाला मोबाईलमधलं काही कळत नव्हतं म्हणून फसले. यूपीआय त्यांना माझ्या नवऱ्यापेक्षा चांगलं येतं.

त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास त्यांना व्हॉट्सअॅपवर मेसेज आला. नंबर अनोळखी पण डीपीला दादाचा फोटो, वहिनी आणि पुतणीबरोबरचा, गणपतीतला. मेसेज मराठीच पण इंग्रजी अक्षरांत टाईप केलेला, दादा करतो अगदी तसा. "पप्पा हा माझा नवीन नंबर, जुना फोन पाण्यात पडला, रिपेअरला दिलाय, हा सेव्ह करा." अप्पांनी सेव्ह केला. मग थोड्या वेळाने, जेवलात का, आईचा गुडघा कसा आहे आता. मग अर्ध्या तासाने मेन गोष्ट, की मित्राची आई आयसीयूमध्ये आहे, हॉस्पिटलला लगेच डिपॉझिट भरायचंय, माझं बँकेचं अॅप नवीन फोनवर चालू व्हायला चोवीस तास लागणारेत, तुम्ही ४०,००० या नंबरवर टाका मी उद्या तुम्हाला परत टाकतो. आता हे चोवीस तासांचं ऐकून खोटं वाटेल का सांगा, नवीन फोन घेतला की यूपीआयला पहिल्या चोवीस तासांत खरंच लिमिट कमी असते, अप्पांनी स्वतः अनुभवलंय ते.

आणि अप्पांनी फोन केला होता. हे मला सगळ्यांना ओरडून सांगायचंय. "आधी फोन करून खात्री करा" असं जे सगळीकडे लिहिलेलं असतं ना, ते त्यांनी केलं. दादाच्या जुन्या नंबरवर दोनदा केला, ११:५२ ला आणि १२:१० ला, दोन्ही वेळा रिंग पूर्ण वाजली. दादा बंगळूरला ऑफिसात मीटिंगमध्ये होता, त्याने स्क्रीनवर "अप्पा" बघितलं आणि त्याला वाटलं वायफायचं काहीतरी विचारत असतील, संध्याकाळी करू. रिंग जातेय पण कोणी उचलत नाही म्हणजे फोन दुकानात पडलाय हे खरंच असणार, असं अप्पांना वाटलं. मग त्यांनी नवीन नंबरला कॉल केला, तो कट झाला आणि मेसेज आला, "मीटिंगमध्ये आहे मेसेज करा."

संपादकसाहेब, हे वाक्य त्या चोराने शोधून काढलेलं नाही. मी आणि दादाने गेली दहा वर्षं अप्पांना ते शिकवलंय. मीटिंगमध्ये आहे, मेसेज करा. ट्रॅफिकमध्ये आहे, नंतर बोलते. चोराने फक्त आमची नक्कल केली आणि ती हुबेहूब जमली कारण नक्कल करण्यासारखं त्यात काही उरलंच नव्हतं, दोन शब्दांचा मेसेज, घाई, आणि काहीतरी काम. अप्पांना तो आवाजाशिवायचा मुलगा ओळखीचाच होता.

एक खूण मात्र होती आणि ती अप्पांना दिसलीही होती. आमच्या घरात "पप्पा" कुणीच म्हणत नाही. अप्पा म्हणाले, मला वाटलं घाईत टाईप करताना अप्पाचं पप्पा झालं असेल. एका अक्षराचा फरक, आणि गणिताच्या मास्तरांनी मुलावरच्या मायेपोटी तो सोडून दिला. पैसे पाठवताना स्क्रीनवर बँकेत नोंदलेलं नाव येतं तेही भलतंच होतं, पण "मित्राच्या अकाउंटला पाठवा" म्हटलेलं असल्यामुळे ते नाव भलतं असणारच होतं ना. ४०,००० गेले. दुपारी परत मेसेज, औषधाचे ३८,५०० कमी पडतायत. तेही गेले. मग ६०,००० मागितले, यूपीआयचं दिवसाचं एक लाखाचं लिमिट आडवं आलं तर समोरच्याने अकाउंट नंबर आणि आयएफएससी पाठवून सांगितलं ब्रँचला जाऊन भरा.

अप्पा स्लिप भरून काउंटरला गेले. तिथल्या मॅडमनी, त्यांचं नाव लिहीत नाही पण त्यांचे आभार मानायचे तेवढे थोडे आहेत, सहज विचारलं, सर मुलाशी बोललात का फोनवर? अप्पा म्हणाले मीटिंगमध्ये आहे. त्या म्हणाल्या मग बाहेर आला की बोला आणि उद्या सकाळी भरू, मी आहे इथेच. तेवढंच. त्यांनी फ्रॉड हा शब्दही काढला नाही, लाजवलं नाही, नुसतं एक प्रश्न विचारून एक रात्र मध्ये घातली. त्या एका प्रश्नाने ६०,००० वाचले.

संध्याकाळी सात वाजता अप्पांनी पुन्हा जुन्या नंबरला लावला आणि दादाने पहिल्या रिंगला उचलला. "हां अप्पा, सकाळी कॉल होता तुमचा, काय झालं?" त्या क्षणी त्यांना सगळं कळलं असणार. आणि ते म्हणाले, "काही नाही रे, सहज केला होता."

पुढचे चार दिवस काही नाही रे, सहज. आईने शुक्रवारी रात्री मला फोन केला की हे नीट जेवत नाहीयेत, विचारलं तर बोलत नाहीत, तू ये. शनिवारी मी गेले. अप्पांनी काही न बोलता वही पुढे केली. त्या वहीत प्रत्येक आकड्यासमोर तपशील असतो, मेथी, रिक्षा, आईची गोळी. मंगळवारच्या पानावर ४०,००० आणि ३८,५०० आणि समोर काहीच लिहिलेलं नव्हतं.

का नाही सांगितलं? कारण दोन महिन्यांपूर्वी त्यांना लग्नपत्रिका म्हणून एक एपीके फाईल, म्हणजे उघडली की फोनमध्ये भलतंच अॅप टाकू शकणारी फाईल, आली होती आणि त्यांनी ती उघडली होती, तेव्हा नुकसान काही झालं नाही पण मी फोनवर, माझ्या मुलांसमोर, आई स्पीकरवर ऐकत असताना त्यांना बोलले होते की अप्पा कितीदा सांगायचं तुम्हाला, तुमच्या हातात फोनच द्यायला नको. मला तेव्हा ती काळजी वाटली होती. त्यांना काय वाटलं ते मला चार दिवस उशिरा कळलं.

आणि या चार दिवसांचा हिशोब नुसता मनाचा नाही, पैशाचाही आहे, म्हणून हा भाग कापू नका. १९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाईनचा नंबर आहे. आपण तिथे फोन केला की नाव, बँक, रक्कम, ट्रान्झॅक्शनचा यूटीआर नंबर (म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) घेतात आणि ती माहिती सरळ संबंधित बँकांच्या सिस्टीममध्ये जाते, मग पैसा ज्या खात्यात त्या क्षणी पडलेला असेल तिथे तो अडवून ठेवता येतो. पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून चार वेगवेगळ्या खात्यांत, आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधून कॅश, हा प्रवास काही तासांत उरकतो. म्हणून पहिल्या तासाला गोल्डन अवर म्हणतात, हार्ट अटॅकसारखंच. अप्पांनी मंगळवारी संध्याकाळी सात वाजता दादाला सांगितलं असतं आणि सात वाजून पाच मिनिटांनी १९३० लावला असता तर किती वाचले असते ते मला माहीत नाही, पण शनिवारी लावला तेव्हा एका खात्यात ६,२०० रुपये होल्ड झाले आणि बाकी गेले होते. ते ६,२०० पण अजून हातात आलेले नाहीत. फोन लागत नसेल तर सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर स्वतः तक्रार टाकता येते, मेसेजचे स्क्रीनशॉट जोडून. चॅट डिलीट करू नका, अप्पांनी लाजेपोटी अर्धं केलं होतं.

बँकेत गेलो तर त्यांनी सांगितलं की पिन तुम्हीच टाकलाय म्हणजे व्यवहार तुम्हीच केलाय. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं सर्क्युलर आहे, त्यात तिसऱ्याच कुणीतरी गडबड करून पैसे गेले आणि आपण तीन वर्किंग डेजमध्ये कळवलं तर आपल्यावर जबाबदारी येत नाही, पण भूल देऊन आपल्याच हाताने पाठवायला लावले तर त्याचा फार आधार मिळत नाही असा आमचा अनुभव. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम आलाय की अशा फसवून पाठवायला लावलेल्या पैशाचीही भरपाई बँकांनी करायची, ८५,००० पौंडांपर्यंत, आणि पाठवणारी बँक आणि ज्या बँकेत चोराचं खातं आहे ती बँक दोघींनी अर्धी अर्धी. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की चोराचं खातं उघडून देणाऱ्या बँकेलाही झळ बसते. आपल्याकडे ती खाती कुठून येतात, तर कॉलेजची पोरं, मजूर माणसं, पाच-दहा हजारांसाठी आपलं खातं, एटीएम कार्ड आणि सिम सगळं भाड्याने देतात. तुमच्या ओळखीत कुणी देत असेल तर आजच थांबवा, पोलीस पहिले त्याच्याच दारात येतात.

पोलीस ठाण्यात अप्पांना एकाने विचारलं, सर तुम्ही शिक्षक ना? एवढंच. वाईट हेतूने नसेल विचारलं. पण अप्पा त्यानंतर घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलले नाहीत.

आता गुडघ्याचं सांगते, म्हणजे तो चोराला कसा कळला असेल ते. आईचं नी रिप्लेसमेंट झालं तेव्हा मीच फेसबुकवर फोटो टाकला होता, सगळ्यांना दिसेल असा, खाली दादाची कमेंट, वहिनीची कमेंट, अप्पांना टॅग. आणि नंबर? दादाच्या लग्नाची पत्रिका अजून नातेवाईकांच्या ग्रुपांवर फिरतेय. आपली लग्नपत्रिका एकदा चोराच्या नजरेने वाचून बघा हो. आजोबा, काका, मामा, आत्या, कोण कुणाचं कोण हे सगळं नावानिशी, गावानिशी, खाली दोन-तीन मोबाईल नंबर, आणि शेवटी लहान पोरांची घरातली लाडकी नावं, आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं. लग्नाच्या बायोडाटात तर जन्मतारीख, जन्मवेळ, मामेकुळ, वडिलांचा नंबर, मुलाची कंपनी आणि पगार, आणि तो बायोडाटा वधूवर ग्रुपवर शेकडो अनोळखी माणसांकडे. त्यांना हॅकिंग करायची गरजच काय. पूर्वी पत्रिका पोस्टाने जायची, हळदकुंकू लावून, ज्याच्या नावाची त्याच्याच घरी, तेव्हा ही सगळी माहिती सुरक्षित होती. आता पत्रिका करताना नंबर छापू नका, किंवा घरातल्या एका तरुण माणसाचा छापा, आणि बायोडाटात वडिलांचा नंबर तर नकोच. व्हॉट्सअॅपच्या प्रायव्हसीत जाऊन डीपी फक्त कॉन्टॅक्ट्सना दिसेल असा करा, आपला आणि आईवडिलांचा दोघांचा. दोन मिनिटांचं काम आहे पण ते आपणच करून द्यायला लागतं, "सेटिंगमध्ये जा ना आई" असं फोनवर सांगून होत नाही.

मी यानंतर बरेच दिवस हेच वाचत बसले होते. माझी मावसबहीण मेलबर्नला असते, ती म्हणाली आमच्याकडे याला "हाय मम" स्कॅमच म्हणतात. तिथल्या सरकारी खात्याने सांगितलं होतं की २०२२ च्या पहिल्या सात महिन्यांत ११५० पेक्षा जास्त लोक असे फसले आणि २६ लाख डॉलर गेले. तोच मेसेज, फोन बिघडला, हा नवीन नंबर. जपानमध्ये तर वीस वर्षांहून जास्त काळ चाललंय, "ओरे ओरे" म्हणतात, म्हणजे "मीच गं, मी". फोन करायचा, नाव सांगायचंच नाही, मीच बोलतोय म्हणायचं, मग समोरची आजी स्वतःच नातवाचं नाव घेते आणि पुढचं सोपं. आपल्याकडचं "काकू, ओळखलंत का?" तेच आहे. आपल्या माणसांना नाही ओळखलं म्हणणं जिवावर येतं, समोरच्याला वाईट वाटेल म्हणून काकू स्वतःच अंदाज करते, कोण, नागपूरचा का रे तू? झालं, तो नागपूरचा. यावर सोपा उपाय म्हणजे आपण नाव घ्यायचंच नाही, "नाही बाबा ओळखलं, तूच सांग" म्हणायचं आणि गप्प बसायचं. आईला मी हे अक्षरशः पाठ करून घेतलंय.

आणि तोतया हा काही आपल्याला नवीन नाही. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, त्याला १७७६ मध्ये मारलं, म्हणजे पंधरा वर्षांनी, आणि तोवर भलेभले त्याच्यामागे गेले होते. ती माणसं मूर्ख नव्हती, पानिपतावर गेलेलं माणूस परत यावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई तर नवरा गेला हे मानायलाच तयार नव्हत्या. तोतया त्या वाटण्यावर जगतो. मुलगा अडचणीत आहे असं कळल्यावर आईबापाचं जे होतं त्याला अक्कल कमी पडली असं म्हणणारे आपण कोण?

आमच्या कॉलनीत एका काकूंना फोन आला, व्हॉट्सअॅप कॉल, नंबर +९२ ने, म्हणजे पाकिस्तानच्या कोडने, सुरू होणारा आणि डीपीला वर्दीतला पोलीस, की तुमचा मुलगा केसमध्ये सापडलाय, आणि मागून एक पोरगा रडतोय, आई वाचव. त्यांचा मुलगा त्या वेळी वरच्या खोलीत झोपलेला होता. तरी त्या थरथरत होत्या, जिना चढून बघायचंही त्यांना सुचेना, शेजारच्यांनी त्याला उठवून समोर आणलं. आता तर थोड्याशा रेकॉर्डिंगवरून आवाजही तयार होतो, त्यामुळे आवाज ओळखीचा होता हा पुरावा उरलेला नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये सांगितलं होतं की डिजिटल अरेस्ट, म्हणजे फोनवरच अटक केल्याचं भासवणं, असं कायद्यात काही नसतं, आणि कुठलाही पोलीस फोनवर पैसे मागून पोरगा सोडत नसतो, पण हे आधी ऐकलेलं असलं तर. फोन चालू असताना कानात काही शिरत नाही.

अजून एक प्रकार आहे आणि तो जास्त फसवा कारण त्यात नंबरही खराच असतो. आईच्या भिशीच्या ग्रुपमधल्या एकीला ओळखीच्या बाईच्या नंबरवरून मेसेज आला की चुकून तुझ्याकडे सहा आकडी कोड आलाय तो पाठव. तिने पाठवला आणि तिचं व्हॉट्सअॅपच गेलं, मग तिच्या नावाने सगळ्या भिशीला, माहेरी, सासरी, पाच हजार पाठवा अर्जंट. त्यासाठी टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावून ठेवायला लागतो, सेटिंगमध्ये अकाउंटमध्ये आहे, आणि आलेला कोड सख्ख्या बहिणीलाही द्यायचा नाही. आणि नंबर सेव्ह आहे म्हणजे माणूस तोच आहे असं समजायचं नाही.

मग आम्ही घरात काय ठरवलं ते सांगते. दोन गोष्टी ठरल्या आणि दोन्ही आईने ठरवल्या.

पहिली, पैशाचं बोलणं मेसेजवर नाही, रुपया असो की लाख. आवाज ऐकायचा, आणि आवाज ऐकल्यावर घरातलं काहीतरी विचारायचं जे फेसबुकवर नाही. जपानमध्ये पोलीसच घरच्यांना सांगतात म्हणे की एक परवलीचा शब्द ठरवा. आम्ही वेगळा शब्द ठरवायला बसलो तर आई म्हणाली कशाला, आपल्या घरात कमी शब्द आहेत का, जुन्या वाड्यातल्या मांजरीला काय म्हणायचो ते विचारीन. खरंच आहे ते. प्रत्येक घरात असे दहा शब्द असतात जे कुठल्याच पत्रिकेत छापलेले नाहीत, कुठलीतरी फजिती, कुणाचंतरी ठेवलेलं नाव. ते वापरा, नवीन पासवर्ड म्हातारपणी लक्षात राहत नाहीत, मांजर राहते. फक्त ते ग्रुपवर लिहू नका. आम्हीही आता मांजर बदललीय.

दुसरी आमच्यासाठी, माझ्यासाठी आणि दादासाठी. आईवडिलांचा पहिला कॉल सुटला तर सुटू दे, पण लगेच दुसरा आला तर मीटिंग असो, मॅनेजर समोर असो, उचलायचा आणि म्हणायचं अप्पा ठीक आहे ना. दहा सेकंद. दादाने ऑफिसात सांगून ठेवलंय. पहिल्या आठवड्यात आईने दोनदा मुद्दाम लावून बघितलं उचलतो का. उचलला.

आता तुमच्याकडे, पेपरकडे माझं मागणं. एक तर त्या "आमिषाला बळी" या शब्दांचा विचार करा. लॉटरी लागली म्हणून पैसे भरले तर आमिष म्हणा. माझ्या अप्पांना कसलं आमिष होतं? दुसऱ्याच्या आईला आयसीयूत पैसे कमी पडतायत म्हणून त्यांनी दिले. "उच्चशिक्षित असूनही", "निवृत्त अधिकारी असूनही" हे "असूनही" वाचून कितीजण उद्या आपली तक्रार गिळून बसत असतील याचा अंदाज करा. मुलगी काय म्हणेल याचं अप्पांना भय होतं, आणि दुसरं भय पेपरात येईल याचं होतं, हे त्यांनी स्वतः मला सांगितलं. लोकसभेत सरकारनेच दिलेला आकडा आहे की २०२४ मध्ये सगळ्या प्रकारच्या सायबर फसवणुकीत मिळून देशात २२,८४५ कोटी रुपये गेले, आदल्या वर्षी तो ७,४६५ कोटी होता. हा नोंदवलेल्या तक्रारींचा हिशोब आहे. ज्यांनी "काही नाही रे, सहज" म्हटलं त्यांचं यात काहीच नाही. बातमीत चोराबद्दल लिहा, कायद्याला तर हे तोतयेगिरी म्हणूनच माहीत आहे, आयटी अॅक्टचं ६६ डी कलम, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पैसा कुठल्या खात्यात गेला, ते खातं कसं उघडलं गेलं, पुढे काय झालं ते लिहा. फसलेल्या माणसाचं शिक्षण लिहून काय मिळतं?

आणि दुसरं मागणं छोटं आहे. माझे अप्पा रोज सकाळी तुमचा पेपर घेऊन पहिलं पंचांग बघतात, मग सोन्याचा भाव, मग निधनवार्ता. त्यांच्या वयाची सगळी माणसं साधारण हेच करतात. त्या पंचांगाशेजारी रोज, वर्षाचे सगळे दिवस, एक चौकोन द्या, मोठ्या टायपात, १९३०, पैसे गेले तर आधी इथे फोन करा, घरच्यांना नंतर सांगितलं तरी चालेल. हे शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवा. ज्याला घरी सांगायची भीती वाटतेय त्यालाही फोन करता आला पाहिजे.

बँकांनाही तुमच्यामार्फत सांगायचंय की साठीच्या पुढच्या माणसाचे मोठे पैसे आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या नवीन खात्यावर जात असतील तर ते दोन-चार तास थांबवून ठेवायची सोय द्या, आणि मागितलं तर मुलाला किंवा मुलीला मेसेज जाऊ द्या. त्या काउंटरवरच्या मॅडमनी जे केलं ते मशीनलाही करता येईल.

हे पत्र मी पाठवायच्या आधी अप्पांना वाचून दाखवलं, त्यांच्या परवानगीशिवाय पाठवणार नव्हतेच. नाव घालायचं नाही एवढं त्यांनी सांगितलं, बाकी सगळं ऐकून घेतलं, पार त्या एपीकेच्या दिवसाचंही. मग चष्मा लावून स्वतः एकदा वाचलं. मी आधी वरती "साधारण ८० हजार" असं लिहिलं होतं. त्यांनी ते खोडलं आणि पेनने वरती लिहिलं, ७८,५००. म्हणाले, आकडा बरोबर लिहावा.

आपली नम्र,
एक वाचक, पुणे